कमरेतलं रबर

त्या काळी आदिलाबादेत बावल्या, म्हणजे बाहुल्या, जमवणारी मोठी माणसं दोनच होती. ती दोघं एकमेकांच्या तोंडावर कधी थुंकली नाहीत, कारण त्यासाठी जवळ उभं राहावं लागलं असतं.

त्यांतले एक सुधाकरराव. महसूल खात्यात गिरदावर म्हणून नोकरी करून रिटायर झालेले. तलमडुगुकडे कापसाची आणि ज्वारीची जमीन होती, पण ते राहायचे आदिलाबादेत, दोन मजली घरात. जावई कुवेतला होता. एका सुट्टीत त्याने आपल्या मुलासाठी प्लास्टिकचे शिपाई आणले. बोटाएवढे उंच, पण मान वळायची, कोपर वाकायचं, गुडघे दुमडायचे, कंबर फिरायची. कुणाच्या पाठीवर बंदूक, कुणाच्या डोक्यावर काढता-घालता येणारं हेल्मेट. ते पाहून सुधाकररावांच्या ध्यानात आलं की अशी वस्तू अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नाही. झालं. नातवाच्या हातून शिपाई निघाले ते बैठकीतल्या काचेच्या कपाटात गेले. नातू रडला. "रडू दे, फुफ्फुस मोठं होते," असं आजोबा म्हणाले.

पुढे दर सुट्टीला जावई नवे शिपाई आणू लागला. सासऱ्याला खूश ठेवायचा तो स्वस्त उपाय होता. सुधाकरराव घरी आलेल्या प्रत्येकाला कपाटासमोर उभं करत आणि म्हणत, "फॉरेनचं काम आहे. हात नका लावू." स्वतःही लावत नसत. शिपायांची मान वळते हे त्यांना पुरेसं होतं, वळवून पाहावी असं कधी वाटलं नाही. ज्याच्याकडे असं कपाट नाही तो माणूस त्यांच्या लेखी शेतातला बिजूका, नुसतं बुजगावणं.

दुसरी रेणुकाबाई. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चित्रकला शिकवायची. तिचे वडील डोमाजी सुधाकररावांच्याच शेतावर आयुष्यभर सालदार होते. बौद्ध वस्तीतून शिकून नोकरीला लागलेली ती पहिली बाई. पण ते कौतुक कुणी करायला लागलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं. "मी शिकली त्यात तुमचं काय गेलं?" असं ती विचारायची. शाळेतल्या बाकीच्या बाया मधल्या सुट्टीत स्वेटर विणत आणि सासूच्या गोष्टी करत. रेणुकाबाई त्यांच्याकडे पाठ करून बसायची आणि डबा खायची.

तिला बावल्यांचा नाद लागला तो सोमवारच्या बाजारात. हैदराबादहून आलेल्या भंगाराच्या ढिगात एक धड पडलेलं होतं, कमरेखाली काही नाही. तिने ते उचललं. पाठीत बारीकसा स्क्रू दिसला. घरी आणून चष्म्याच्या पेचकसाने तो काढला तर छाती आणि पाठ दोन टरफलांसारखी वेगळी झाली. आत रबराच्या कड्याचे वाळलेले तुकडे होते. भंगारवाल्याकडे पुन्हा जाऊन तिने ढीग उपसला, तेव्हा पाय सापडले. पायांच्या मधोमध लोखंडी आकडा. तो आकडा त्या रबराच्या कड्यात अडकवायचा, कडं वर छातीत ताणून धरायचं, की अख्खा माणूस त्या ताणावर उभा राहतो. रबर तुटलं की माणसाचे दोन तुकडे. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी तरी तो फेकून दिला होता. फेकणाऱ्याच्या अकलेची तिला कीव आली नाही, चीड आली.

डॉक्टरच्या ब्लडप्रेशर मोजायच्या यंत्राची जुनी नळी तिने कंपाउंडरकडून आणली. ब्लेडने तिच्या चकत्या कापल्या. एक चकती बरोबर बसली. शिपाई उभा राहिला.

तेव्हापासून हैदराबादच्या भंगारात, मोठ्या लोकांच्या घरच्या कचऱ्यात, जिथे कुठे असलं काही दिसेल तिथून ती आणू लागली. तुटलेल्या कोपरात तापवलेल्या सुईने भोक पाडून सेफ्टी पिनेचा तुकडा बसवायची आणि दोन ट्यूबांतला गोंद कालवून तो पक्का करायची. खांद्याचा गोळा झिजून हात लोंबायला लागला असेल तर त्या गोळ्याला बिनरंगी नेलपॉलिशचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. गोळा जाड झाला की हात जिथे ठेवाल तिथे राहतो. तिच्या घरात एका फळीवर असे दुरुस्त झालेले लोक उभे होते आणि त्यांच्याइतकी सरळ उभी माणसं गावात कमी होती, असं तिचं मत होतं.

तिचा नवरा चंपत उटनूरला कारकून होता. शनिवारी घरी यायचा. फळीकडे पाहून म्हणायचा, "समाजात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली तू. मास्तरीण हाय का पोट्टी?"

"तोंड दाखवाले जाताच काऊन तुमी?" ती म्हणायची. "घरात बसा."

सुधाकररावांच्या कपाटाबद्दल तिने ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं. त्या बैठकीत तिच्या बापाचा पाय कधी पडला नव्हता, तिचा पडायचा प्रश्नच नव्हता. लोक सांगत की त्यात एक पाणबुड्या आहे, तोंडाला नळी आणि पायाला माशाच्या परासारख्या चपला. रेणुकाबाई ऐकून नाक मुरडायची आणि मग घरी जाऊन पाणबुड्याचं चित्र काढून पाहायची.

मग कुवेतची लढाई झाली आणि जावई बॅग न घेताच परत आला. नवे शिपाई येणं थांबलं. सुधाकररावांनी कपाटाला कुलूप लावलं.

ब्याण्णवच्या दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला एक मोठे साहेब आले. हैदराबादकडचे, तेलुगू बोलणारे. सुधाकररावांनी कुलूप काढलं आणि त्या दिवशी, साहेबांसाठी म्हणून, मधल्या फळीवरचा कप्तान स्वतः उचलला. कप्तानाचं धड हातात आलं. पाय फळीवरच राहिले, जोडे घालून, ताठ. सुधाकररावांनी घाईने दुसरा उचलला. त्याचेही पाय खाली राहिले. तिसऱ्याचे पाय तर फळीवरून घरंगळून साहेबांच्या चिवड्याच्या ताटलीत पडले.

आदिलाबादच्या उन्हाळ्यांत कपाटाच्या काचेआड सगळ्या शिपायांची कमरेची रबरं कधीच वाळून गेली होती. कुणी हात लावला नाही म्हणून इतके दिवस ते उभे दिसत होते.

साहेब हसले नाहीत. पण दारामागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या कुसुमबाई, सुधाकररावांच्या पत्नी, फस्सकन हसल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या नवऱ्याला हसल्या नव्हत्या. सुधाकररावांनी तिकडे वळून नुसतं पाहिलं. कुसुमबाईंनी ट्रे ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

आधी एका घड्याळजीला दाखवून झालं. त्याने एका शिपायाची कंबर चिकटवून टाकली आणि तो लाकडाच्या ओंडक्यासारखा झाला. मग फोटो स्टुडिओवाले माणिकराव म्हणाले, "रेणुकाबाईला द्या ना. गावात तेवढंच एक माणूस आहे." हे माणिकराव छंद मंडळाचे सेक्रेटरी. तिकिटं, नाणी, काडेपेट्यांचे छाप जमवणाऱ्या लोकांचं ते मंडळ दर जानेवारीत प्रदर्शन भरवायचं. सुधाकररावांना यंदा तिथे पहिला नंबर पाहिजे होता.

"कोण रेणुकाबाई?" सुधाकररावांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"चित्रकलेच्या मास्तरीण."

"अरे, ती डोमाजीची पोर. मग तिले सांग, मांगच्या दारानं ये अन् घेऊन जाय."

माणिकरावांनी निरोप दिला. माणिकराव असे निरोप जसेच्या तसे द्यायचे. आपण मधले आहोत, आपल्याला काय, असं त्यांना वाटायचं. रेणुकाबाई वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "बावल्यायले पाय नसतीन, मालकाले तर हायत. म्हणा, माह्या घरी पुढच्या दारानं या."

सुधाकरराव आठवडाभर फणफणले. पण प्रदर्शन जवळ येत होतं. शेवटी एका रविवारी सकाळी ते बिस्किटाचा डबा काखेत धरून बौद्ध वस्तीत गेले. जाताना धोतराचा सोगा उचलून धरला होता, जणू रस्ता ओला आहे. रस्ता कोरडा होता. ओसरीवरून लोक पाहत होते.

"तू डोमाजीची पोर ना?" ते दारातून म्हणाले.

"मी रेणुकाबाई. दारावर पाटी हाय, वाचता येते तुमाले." ती पाटावर बसली होती, समोर चटई आणि हत्यारं. "या. बसा खुर्चीवर."

"मी उभाच बरा."

"उभ्या माणसाची सावली कामावर पडते. बसा, नाई तं डबा उचला."

ते खुर्चीच्या कडेवर बसले, जितकं कमी टेकता येईल तितकं. तिने डबा उघडला. सगळ्यात वर पाणबुड्या होता, दोन तुकड्यांत. तिचा हात आधी त्याच्याकडेच गेला. ते तिचं तिलाच दिसलं आणि स्वतःचा राग आला. या माणसाच्या घरच्या वस्तूकडे आपला हात असा धावावा! तिने तो बाजूला ठेवला आणि मुद्दाम एका साध्या, बेढब शिपायापासून सुरुवात केली.

पाठीतला स्क्रू निघाला. वाळलेलं रबर भुग्यासारखं चटईवर सांडलं.

"काय झालं त्याले?" सुधाकररावांनी विचारलं.

"काही नाई. नुसता ठेवला म्हणून मेला. वापरला असता तं तुटलं कधी ते समजलं तरी असतं."

"खेळाचं नाई ते. संग्रह हाय."

"मुडद्यायचा," ती म्हणाली.

सुधाकररावांना कुणी असं बोललेलं नव्हतं. पण उठून जावं तर डबा उघडा आणि शिपाई चटईवर उघडा पडलेला. ते भिंतीवरच्या फळीकडे पाहू लागले. तिथे तिची माणसं होती. एकाने ढाल उचलली होती, एक उकिडवा बसला होता, एक मागे वळून पाहत होता. सुधाकररावांच्या शिपायांना हे सगळं येत असेल हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. "भंगारातले," ते पुटपुटले.

"हो, भंगारातलेच."

सगळे एका दिवसात होणार नव्हते. काहींचे खांदे ढिले होते, काहींच्या अंगठ्यांना चिरा गेल्या होत्या. संक्रांतीच्या आधी देईन, असं ती म्हणाली. मोबदला विचारला तर तिने मान हलवली. "प्रदर्शनात पाटी लावा. संग्रह सुधाकररावाचा, दुरुस्ती रेणुकाबाईची. बस."

"लावू," सुधाकरराव म्हणाले. कुत्र्याला भाकरी दाखवून दार बंद करणारा माणूस जसं म्हणेल तसं.

संक्रांतीआधी डबा तयार झाला. पाणबुड्यावर ती सगळ्यात जास्त राबली. त्याची मान, खांदे, गुडघे, सगळीकडे नेलपॉलिशचे पातळ थर देऊन तिने तो असा केला होता की एका पायावरही तोल सांभाळायचा. डबा घ्यायला आलेल्या गड्याला तिने बजावून सांगितलं, "महिनाभर ऊन दाखवू नका. गरम पाण्याचा तर थेंब नको."

गड्याने घरी जाऊन तसंच सांगितलं. ते ऐकून सुधाकरराव हसले. "हिच्या हातचे शिपाई तसेच कपाटात ठेवू का मी?" त्यांनी कुसुमबाईंना हाक मारली. "गोमूत्र टाक अन् आंधणाच्या पाण्यातून काढ सगळे."

कुसुमबाईंनी चुलीवर पातेलं चढवलं. पाणी उकळल्यावर त्यात गोमूत्र घातलं आणि शिपाई चाळणीत घेऊन बुडवले. पाणबुड्या तरंगला, म्हणून पळीने दाबून धरला. असं करणं बरोबर आहे की चूक हा विचार त्यांच्या मनात आला नाही. सासूने शिकवलं होतं ते हेच. नेलपॉलिशच्या पापड्या पाण्यावर आल्या, त्या त्यांनी मळ समजून काढून टाकल्या. मग पंच्यावर शिपाई वाळत घातले.

प्रदर्शन सरकारी हॉलमध्ये होतं. मधल्या टेबलावर मखमल पसरून सुधाकररावांचे शिपाई मांडलेले. पाटीवर लिहिलं होतं, "फॉरेनचे दुर्मिळ शिपाई. संग्राहक: सुधाकरराव, निवृत्त गिरदावर." खाली काही नव्हतं. रेणुकाबाईला माणिकरावांनी टेबल दिलं होतं ते पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी, जिथे लोक पेले विसळत होते. ती येताना मधल्या टेबलाशी थांबली, पाटी वाचली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते शिपायांच्या उभं राहण्याचं. सगळे जरा पुढे झुकलेले होते, दारू प्यायल्यासारखे. काहीतरी केलंय यांनी, तिला वाटलं.

दिवाळीतले तेच मोठे साहेब पाहुणे म्हणून आले. माणिकराव, सुधाकरराव, सगळे मागे. कुसुमबाईही नवी साडी नेसून आल्या होत्या. साहेबांनी मधल्या टेबलावर पाणबुड्याकडे बोट दाखवलं. सुधाकररावांनी तो उचलून त्यांच्या हातात दिला. साहेबांनी त्याचा हात वर केला. हात खांद्यातून निघून मखमलीवर पडला. दुसरा हात लोंबायला लागला. पाय टेकवून पाहिले तर गुडघे उलट्या बाजूला वाकले.

सुधाकररावांचा चेहरा काळवंडला. मग त्यांनी मोठ्याने, पिंपापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं, "त्या डोमाजीच्या पोरीच्या हातात देल्ले होते जी. मास्तरीण झाली म्हणून हाताची जात जाते थोडीच!"

माणिकरावांनी एका काडेपेटीच्या छापाकडे असं पाहिलं जसं काही तो नुकताच सापडला आहे.

रेणुकाबाई उठली. आपल्या टेबलावरचा बारीक पेचकस घेतला आणि सरळ साहेबांसमोर येऊन तिने त्यांच्या हातातून पाणबुड्या काढून घेतला. स्क्रूचं डोकं गंजलं होतं. तिने तो फिरवला, पाठ उघडली. आतून पिवळट पाण्याचा थेंब तिच्या तळहातावर पडला आणि वास आला. असा वास, जो खेड्यातल्या कुठल्याही माणसाला विचारावा लागत नाही.

तिने तळहात सुधाकररावांच्या नाकासमोर धरला. "हे काय होय?"

"एमैंदि?" साहेबांनी माणिकरावांना विचारलं. काय झालं म्हणून. माणिकरावांना एकाएकी तेलुगू येईनासं झालं.

"मले काय माहीत?" सुधाकरराव म्हणाले. "तिनंच काही तरी केलं असंल."

तेव्हा कुसुमबाई बोलल्या. आवाज फार मोठा नव्हता. "मी धुतले ते. उकळत्या पाण्यात, गोमूत्र टाकून. यायनं सांगतलं होतं. ह्या बाईचा हात लागला म्हणून."

साहेबांना तेवढं मराठी समजत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी आलं. आता ते बोलतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी घड्याळ पाहिलं आणि तिकिटांच्या टेबलाकडे वळले. पहिला नंबर काडेपेट्यांच्या छापांना मिळाला.

शनिवारी चंपत आला. सगळं ऐकून त्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी राहिला. बावल्यांवरून बायकोला हसणारा हाच माणूस काढलेली चप्पल पुन्हा घालून उभा राहिला. "केस टाकतो. कायदा हाय आता आपल्यासाठी. उठ."

"बसा खाली," रेणुकाबाई म्हणाली. "साक्ष कोण देईल? माणिकराव? त्याले आतापासून ऐकू येणं बंद झालं असंल. का तो साहेब? त्याले घड्याळ पाहाचं असते."

"मंग काय गप बसाचं?"

तिने पेचकस उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. हॉलमधून परतल्यापासून तिच्या हातात काही टिकत नव्हतं. पेचकस घेतला की तळहातावरचा तो थेंब आठवायचा. ती चार वेळा हात धुवायची आणि मग आपण हात धुतोय याचाच संताप यायचा.

तेवढ्यात दारात कुसुमबाई उभ्या राहिल्या. एकट्या, काखेत तोच डबा. चंपतने पाहिलं आणि तो आत निघून गेला, नाही तर त्याच्या तोंडून काही तरी गेलं असतं.

"मी देते साक्ष," कुसुमबाई दारातूनच म्हणाल्या. बाहेरून त्यांनी ऐकलं होतं.

रेणुकाबाईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "अन् धुतांना नाई सुचलं?"

"नाई सुचलं."

"कशानं सुचलं मंग?"

कुसुमबाईंनी विचार केला. "तुमचा हात पाह्यला म्हणून. तुमी तो यायच्या नाकापुढं धरला तवा. तो वास माह्या रांधणखोलीतला होता. मले वाटलं, लोकायच्या तळहातावर ठेवाची वस्तू होय का हे."

"नवरा घरातून काढीन तुमाले."

"काढू दे. पोरगी हाय माही."

रेणुकाबाईला या बाईचं कौतुक वाटलं नाही. इतकी वर्षं मान खाली घालून पातेली चढवणाऱ्या बाईला आज एक वाक्य बोलता आलं, त्यात काय मोठं, असंच वाटलं. पण त्या वाक्याचं काय करायचं ते तिला कळत होतं. "बसा," ती म्हणाली.

केस टाकायची वेळ आली नाही. बायको साक्ष द्यायला निघाली आहे हे सुधाकररावांना त्याच संध्याकाळी कुसुमबाईंनी स्वतः सांगितलं, जेवायला वाढता वाढता. आधी ते ओरडले. मग त्यांनी जेवण ढकललं. मग एका वकिलाकडे जाऊन आले आणि गप्प झाले. सोमवारी ते शाळेत आले. मधली सुट्टी होती, स्टाफरूममध्ये सगळ्या बाया आणि मास्तर होते. सुधाकरराव दारात उभे राहिले. उभं राहायला कुणी जागा करून दिली नाही.

"जे झालं ते गैर झालं," ते म्हणाले. "माफी मांगतो."

"कोणाची?" रेणुकाबाईने विचारलं. ती डबा खात होती.

एका बाईच्या हातातली विणकामाची सुई थांबली.

"रेणुकाबाईची."

"आयकू आलं. जा आता."

ते गेले. स्टाफरूममध्ये बाया कुजबुजायला लागल्या. एकजण येऊन म्हणाली, "बरं केलं बाई तुमी." रेणुकाबाईने तिच्याकडेही पाठ केली. हॉलमध्ये ही बाई पाण्याच्या पिंपाजवळच उभी होती आणि पेला विसळत होती.

या दिवसाची तिने मनात किती वाट पाहिली होती! वाटलं होतं, छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. दारात उभा होता तो एक म्हातारा, धोतराला चहाचा डाग पडलेला, दाढी न केलेला. ज्याच्या बांधावर तिचा बाप उन्हात वाकला आणि वाकलेलाच मेला, तो मालक हाच? एवढाच? एवढ्या बारक्या माणसाचा इतका तिरस्कार करत आपण जगलो, याची तिला लाज वाटली. तरी माफ केलं, असं तिच्या मनात एकदाही आलं नाही.

डबा तिच्याकडेच राहिला. कुणी मागितला नाही. रेणुकाबाईने एकेक शिपाई उघडून आतून पुसला, गंजके स्क्रू फेकले, चष्मेवाल्याकडून नवे आणले. बहुतेक सगळे पुन्हा उभे राहिले. पाणबुड्याचे गुडघे मात्र उकळत्या पाण्यात पिळवटले होते. तिने गरम सुई लावून पाहिली, कोमट पाण्यात धरून दाबून पाहिले, चिमट्यात आवळून ठेवले. गुडघे सरळ व्हायचे आणि पुन्हा हळूहळू वळायचे. ते तिच्याने झालं नाही. शेवटी तिने त्याला फळीच्या कडेवर बसवलं, पाय खाली सोडून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुसुमबाई पुन्हा आल्या. नवऱ्याने घरातून काढलं नव्हतं. नुसतं बोलणं बंद केलं होतं, आणि ते बरंच झालं, असं त्या म्हणाल्या. घरात वेळ जात नाही. हे स्क्रूचं काम शिकवाल का?

"कायले?" रेणुकाबाईने विचारलं.

"असंच. हातानं काई तरी नीट करावं वाटते."

रेणुकाबाईने भंगारातला एक हिरवा शिपाई त्यांच्यापुढे टाकला आणि पेचकस दिला. कुसुमबाईंचे हात जाड होते, बोटं भाकरीची. पेचकस सारखा घसरत होता. दुपारभर खटपट करून त्यांनी रबर बसवलं आणि पाठ मिटवली. पाय उलटे लागले होते, टाचा पुढे.

"कुसुमबाई, तुमच्या हाताले डोळे नाईत," रेणुकाबाई म्हणाली. "सासऱ्यानं काय पाहून आणलं होतं तुमाले?"

"जमीन पाहून," कुसुमबाई म्हणाल्या. "उघडू का पुन्हा?"

"मंग काय असाच ठेवता? उघडा."

कुसुमबाईंनी पदर खोचला आणि चष्मा नाकावर सरकवून शिपाई उलटा केला.